फोटो त्याचा, चेहरा वडिलांचा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही सोलापूरचे, साखर पेठेत राहतो. घरात तेलुगू बोलतो, शिक्षण मराठीत झालं. माझ्या वडिलांचं वय बहात्तर. त्यांचं उभं आयुष्य चादरीच्या कारखान्यात जकार्ड मागावर गेलं. चार-पाच वर्षांपूर्वी एक फोटोग्राफर कारखान्यात आला होता. 'जुन्या कामगारांचे फोटो काढतोय, प्रदर्शन भरवायचंय,' म्हणाला. वडिलांनी हौसेनं मागाजवळ उभं राहून फोटो काढू दिला. सही नाही, पैसे नाहीत. गेल्या महिन्यात मावसबहिणीनं पुण्याहून एक चादर आणली, तर तिच्या पिशवीवर वडिलांचा तोच फोटो! खाली लिहिलंय, 'आमचे विणकर, चाळीस वर्षांचा हात'. ही कंपनी सोलापूरची नाही आणि वडील तिथं एक दिवसही कामाला नव्हते. आता इथं सोलापुरात नवी पेठेत एका दुकानावर तोच फोटो मोठ्या डिजिटलवर, म्हणजे छापील फलकावर, लागलाय. कंपनीच्या एका रीलमध्ये तर वडील फाडफाड हिंदी बोलताना दाखवलेत. त्यांना हिंदी नीट बोलताही येत नाही. फोटोग्राफर फोनवर म्हणतो, 'फोटो माझा आहे, कुणालाही देईन.' भाऊ म्हणतो, दहा लाख मागू. शेजारी म्हणतात, फुकट प्रसिद्धी मिळाली, गप्प बसा, असले हक्क सिनेमावाल्यांना असतात. वडील एवढंच म्हणतात, 'ती चादर मी विणलेली नाही. माझं तोंड काढा तिथनं.' आम्ही काय करावं?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात चौघांचं बोलणं आहे. त्यात कायद्याच्या सगळ्यात जवळचं बोलणं वडिलांचं आहे. त्यांच्या त्या दोन छोट्या वाक्यांत दोन वेगळ्या तक्रारी आहेत. माझा चेहरा मला न विचारता वापरला, ही एक. मी न केलेलं काम माझ्या नावावर खपवलं, ही दुसरी. नोटिशीत, अर्जात, दाव्यात, जिथं लिहाल तिथं या दोन्ही वेगवेगळ्या मांडा. दोन्हींसाठी कायदे वेगळे आहेत आणि दाद मागायची ठिकाणंही वेगळी आहेत.

आधी फोटोग्राफरचं पाहू, कारण त्याच्या एका वाक्यानं तुम्ही गप्प झालेल्या दिसता. तो अर्धं खरं बोलतोय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे फोटोचा पहिला मालक तो काढणारा. याला एक अपवाद आहे. तुम्ही पैसे मोजून स्वतःसाठी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा. लग्नाचे फोटो स्टुडिओवाला परस्पर आपल्या जाहिरातीत लावतो, तेव्हा लोकांनी हे कलम त्याला दाखवायला हवं. पण वडिलांनी पैसे दिलेले नाहीत, म्हणून या फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरचाच. इथपर्यंत तो बरोबर आहे.

पुढचं अर्धं तो सांगत नाही. फोटोच्या प्रती काढायचा, तो छापायचा हक्क कॉपीराइटनं मिळतो. फोटोतल्या माणसाला एखाद्या मालाचा जामीन म्हणून उभं करायचा हक्क त्यात येत नाही. जाहिरातीच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. म्हणूनच तिथं 'मॉडेल रिलीज' नावाचा कागद असतो. फोटोतली व्यक्ती त्यावर सही करते, की माझा चेहरा जाहिरातीसाठी वापरायला माझी हरकत नाही. फोटो विकणाऱ्या मोठ्या वेबसाइट असा कागद नसलेले फोटो 'फक्त संपादकीय वापरासाठी' म्हणून वेगळे ठेवतात. म्हणजे बातमीत चालेल, जाहिरातीत नाही. वडिलांनी होकार दिला तो प्रदर्शनासाठी. तो होकार प्रदर्शनापुरताच. चादरीच्या पिशवीपर्यंत तो आपोआप जात नाही आणि त्यांच्या तोंडी हिंदी घालण्यापर्यंत तर अजिबातच नाही.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. हे मला मनापासून खोडून काढायचंय, कारण या समजापायी कितीतरी साधी माणसं घरी बसतात. आपला चेहरा आणि नाव कुणी वापरायचं हे ठरवायचा हा हक्क नट-नट्यांनी गाजवला, पण तो सुरू झाला तो नावगाव नसलेल्या माणसांपासून. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात अबिगेल रॉबर्सन नावाची एक साधी मुलगी होती. एका पिठाच्या गिरणीनं तिला न विचारता तिचा फोटो पिठाच्या जाहिरातीवर छापला, त्याच्या सुमारे पंचवीस हजार प्रती काढल्या आणि त्या दुकानादुकानांत लागल्या. ती कोर्टात गेली आणि १९०२ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी हरली. पण त्या निकालावर लोक इतके संतापले, की पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विधिमंडळानं कायदा केला. संमतीशिवाय कुणाचं नाव वा चित्र धंद्यासाठी वापरायचं नाही.

आपल्याकडेही तसंच. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये राजगोपाल खटल्यात निकाल दिला. तो खटला तमिळनाडूतल्या एका फाशीच्या कैद्याच्या आत्मचरित्रावरून उभा राहिला होता. त्यात न्यायालयानं सांगितलं, की माणसाचं नाव वा प्रतिमा त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरली तर त्याच्या खासगीपणाचा भंग होतो. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्यातल्या एका न्यायमूर्तींनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात हेही लिहिलं, की आपल्या ओळखीचा व्यापारी वापर कुणी करायचा यावर माणसाचा स्वतःचा ताबा असतो. माणसाचा, असं आहे ते. प्रसिद्ध माणसाचा नव्हे.

आणि अगदी जवळचं उदाहरण सांगते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका सामान्य महिलेची याचिका आली. ओळखीच्या फोटोग्राफरनं तिचा फोटो काढला, तो फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर चढवला, आणि तिथून तो वेगवेगळ्या राज्यांच्या सरकारी जाहिरातींत गेला. तिला कुणी विचारलं नव्हतं. न्यायालयानं हे प्रकरण गंभीर मानून संबंधितांना नोटिसा काढल्या. तुमच्या वडिलांची गोष्ट जवळजवळ हीच आहे.

मात्र तुमच्या वकिलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. नट-गायकांच्या दाव्यांची नक्कल करू नका. आपल्याकडे या हक्कासाठी स्वतंत्र कायदा नाही. तो न्यायालयांच्या निकालांतून घडत आलाय, आणि ते निकाल बहुतेक प्रसिद्ध माणसांचे आहेत. एका सराफी दुकानानं अमिताभ आणि जया बच्चन यांचा दुसऱ्याच कंपनीच्या जाहिरातीतला फोटो आपल्या होर्डिंगवर लावला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये मनाई दिली. पण तिथला युक्तिवाद 'या चेहऱ्याला बाजारात किंमत आहे' असा होता. वडिलांच्या बाबतीत तो मांडला, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारील, यांना ओळखतं कोण? त्या वादात शिरूच नका. तुमचा दावा खासगीपणाचा आहे, संमतीचा आहे आणि खोट्या विधानाचा आहे. या तिन्हींसाठी प्रसिद्ध असावं लागत नाही. फोटोतला माणूस ओळखू येतो, एवढं पुरतं. मावसबहिणीनं पुण्याच्या दुकानात ओळखलं, हा त्याचा पुरावा. तिचं प्रतिज्ञापत्र घ्या.

आता रीलबद्दल. हा भाग मला फोटोपेक्षा जास्त गंभीर वाटतो. फोटोत वडील निदान गप्प उभे आहेत, रीलमध्ये त्यांना खोटी साक्ष द्यायला लावलीय. यंत्रानं बनवलेल्या आवाजाबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या दाव्यात स्पष्ट भूमिका घेतली. कलाकाराच्या परवानगीशिवाय त्याचा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवायची साधनं पुरवणं हे त्याच्या हक्काचं उल्लंघन आहे, असं मानून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची तात्पुरती, मनाई दिली. रील ज्या ॲपवर आहे, त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आजच लेखी तक्रार करा. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ नुसार असा अधिकारी नेमणं त्यांना बंधनकारक आहे, आणि कुणाचं सोंग घेतलेला किंवा चेहरा बदललेला मजकूर त्या माणसाच्या तक्रारीवरून तातडीनं उतरवायचा असतो. तक्रार वडिलांच्या नावानं करा. ॲपवाल्यांनी दाद दिली नाही, तर तीस दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

पोलिसांत जायचं का? रीलपुरतं, हो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा शहरातल्या सायबर पोलिसांकडे अर्ज द्या. संगणकाच्या साधनानं दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक केली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. १९३० हा क्रमांक पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तो इथं लागू नाही. पिशवी आणि डिजिटलबद्दल पोलीस बहुधा 'हे दिवाणी आहे' म्हणतील. त्यांच्याशी वाद घालण्यात दिवस घालवू नका. त्या भागाचा रस्ता दिवाणी कोर्टातूनच जातो.

त्या रस्त्याची तयारी अशी. चादर दुकानातून स्वतः विकत घ्या आणि पक्की पावती मागा. पिशवी फाडू नका, फेकू नका. पॅकबंद मालावर उत्पादकाचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापणं वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापांच्या) २०११ च्या नियमांनी सक्तीचं आहे. म्हणजे नोटीस कुणाला पाठवायची, हे पिशवीच सांगते. ते छापलेलंच नसेल, तर ती आणखी एक तक्रार झाली. नवी पेठेतल्या डिजिटलचा फोटो असा घ्या, की दुकानाची पाटी आणि रस्ताही दिसेल. रीलची लिंक जपा, मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. ज्या मोबाइलवर हे केलं तो विकू नका, बदलू नका. कोर्टात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात त्या उपकरणाची माहिती लागते.

हे सगळं हातात येईपर्यंत दुकानदाराशी भांडू नका. तो बिचारा बहुधा कंपनीनं दिलेला बोर्ड लावून बसलाय. भांडण झालं की बोर्ड रात्रीत उतरतो आणि पुरावा जातो.

मग वकिलामार्फत नोटीस, पोचपावतीसह स्पीड पोस्टानं. मागण्या स्पष्ट असाव्यात: वापर तात्काळ थांबवा, छापलेल्या पिशव्या बाजारातून परत घ्या, बोर्ड आणि रील काढा, किती पिशव्या छापल्या आणि किती विकल्या ते सांगा, फोटो कुणाकडून किती पैशांत घेतला त्याचा कागद दाखवा, पुन्हा वापरणार नाही असं लेखी द्या, आणि भरपाई. बऱ्याच कंपन्या इथंच नमतात, कारण कोर्टानं साठा अडवला तर त्यांचा खर्च भरपाईपेक्षा मोठा होतो.

नमल्या नाहीत तर दावा सोलापुरातच लावता येतो. कंपनी परगावची असली, तरी माल इथं विकला जातोय, बोर्ड इथं लागलाय, म्हणजे नुकसान इथं झालंय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ खाली तेवढं पुरतं. दाव्याबरोबरच अंतरिम मनाईचा अर्ज द्या. खरा निकाल बऱ्याचदा त्या अर्जावरच लागतो. वरच्या कोर्टात जायची वेळ आली, तरी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे. वकिलाच्या फीची अडचण असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रिया, औद्योगिक कामगार, आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असलेली कुणीही व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. अर्जदार वडील असल्यानं त्यांच्या उत्पन्नाचा दाखला लागेल. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

चादरीचा जो दुसरा मुद्दा, तो कंपनीला जास्त झोंबेल. 'आमचे विणकर' हे विधान सरळ खोटं आहे, आणि ते वाचून गिऱ्हाईक पैसे मोजतंय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. तिची तक्रार कलम १७ प्रमाणे थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते, किंवा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे. हे प्राधिकरण पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. तो दंड वडिलांना मिळत नाही, हे भावाला आधीच सांगून ठेवा. जाहिरात मानक परिषदेकडेही तक्रार करा. परवानगीशिवाय कुणा व्यक्तीचा आधार घेऊन मालाला फायदा करून द्यायचा नाही, असं त्यांच्या संहितेतच आहे. आणि ती चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जात असेल, तर इथल्या यंत्रमागधारकांच्या संघटनेला कळवा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बाहेर विणलेली चादर त्या नावानं खपवणं हा वेगळाच गुन्हा होतो, आणि त्यासाठी लढायला तुम्ही एकट्या राहणार नाही.

आणखी एक बघून ठेवा. कंपनीनं वडिलांच्या चेहऱ्यावरून बोधचिन्ह काढून ट्रेडमार्कचा अर्ज केलाय का? ट्रेडमार्क नोंदणीच्या वेबसाइटवर हे कुणालाही पाहता येतं. अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत हरकत घ्यावी लागते. ट्रेडमार्क कायद्याचं कलम १४ नेमकं यासाठीच आहे: हयात माणसाशी खोटा संबंध दाखवणारं चिन्ह असेल, तर निबंधक त्याची लेखी संमती मागू शकतो.

नव्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याबद्दल कुणी सांगेल. २०२३ चा तो कायदा चांगला आहे, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीबाबतच्या मुख्य कलमांसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत दिलीय. त्यावर विसंबून थांबू नका.

कायदा कुठं थांबतो हेही सांगते, म्हणजे उद्या चुकीच्या माणसावर राग निघणार नाही. हाच फोटो एखाद्या वर्तमानपत्रानं सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांवरच्या लेखात छापला, अभ्यासकानं पुस्तकात घेतला, किंवा खरोखरच प्रदर्शनात लागला, तर तुमची तक्रार टिकणार नाही, आणि टिकूही नये. कारखान्यात राबलेल्या माणसांचे चेहरे लोकांनी पाहावेत, असं मलाही वाटतं. दिल्ली उच्च न्यायालयानं दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या बाहुल्यांच्या खटल्यात २०१० मध्ये मनाई दिली. पण हा हक्क इतका ताणू नये की टीका, विडंबन आणि अभिव्यक्तीच बंद पडेल, असंही त्याच निकालात बजावलंय.

भावाच्या दहा लाखांबद्दल. मागण्यात गैर काही नाही. वडिलांचा चेहरा वापरून कोणी कमावलं असेल, तर त्यांचा वाटा मागणं हा लोभ नव्हे. पण रकमेला आधार हवा. अशा जाहिरातीसाठी मॉडेलला किती मानधन मिळतं, किती पिशव्या विकल्या, वडिलांना किती मनस्ताप झाला, त्यावरून आकडा काढा. आणि क्रम वडिलांचा ठेवा: आधी काढणं, मग पैसे. पहिल्याच फोनवर पैशांची भाषा केली, तर कंपनी पाच-दहा हजार पुढं करून एखाद्या कागदावर सही घेईल, आणि त्या कागदात 'यापुढेही वापरास संमती' असं लिहिलेलं असेल. सही करायच्या आधी कुठलाही कागद वकिलाला दाखवा. तो इंग्रजीत किंवा हिंदीत असेल, तर वडिलांना तेलुगूत किंवा मराठीत वाचून दाखवा.

वेळेचंही भान ठेवा. भरपाईच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. एका विणकराचा हात म्हणून हलका माल खपवला, त्यानं नाव खराब झालं, असा बदनामीचा मुद्दा जोडायचा असेल तर एकच वर्ष. दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण सांगते. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका दिवंगत अभिनेत्याच्या वडिलांच्या दाव्यात म्हटलं, की हा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही. तेव्हा हे काम 'दिवाळीनंतर बघू' असं पुढं ढकलू नका. वडील आज धडधाकट आहेत, स्वतः कोर्टात उभे राहून 'हा मी आहे आणि मी परवानगी दिली नाही' असं सांगू शकतात. या दाव्यात याहून मोठी साक्ष नाही.

म्हणून वकीलपत्रावर, तक्रारीवर, प्रतिज्ञापत्रावर सही वडिलांचीच हवी, तुमची किंवा भावाची नको. त्यांच्या जुन्या कारखान्याचं ओळखपत्र, हजेरी कार्ड, पीएफचा कागद, जे काही घरात असेल ते शोधून काढा. ते कुठं आणि किती वर्षं कामाला होते हे त्यावरून सिद्ध होईल, आणि 'आमचे विणकर' हे खोटं तिथंच उघडं पडेल. नोटिशीची एक प्रत फोटोग्राफरलाही पाठवा. फोटो त्यानं कुणाला विकला, ते त्याला लेखी सांगू द्या.